खदानीवरचा बंगला

दीपमालेला दोन गोष्टींचं भय होतं. एक पायाखालच्या पाण्याचं आणि दुसरं सासऱ्यांचं. या दोहोंतलं मोठं कुठलं, हे ठरवायची पाळी आपल्यावर येऊ नये, एवढंच तिचं देवाजवळ मागणं होतं. देवानं ते ऐकलं नाही. एका रविवारी सकाळी, घरभर पाहुणे असताना, ती पाळी आलीच.

सासरे आप्पासाहेब मूळचे वैजापूरकडचे. कांद्या-कापसात वाढलेले, आणि शहर फुगायच्या आधीच बीड बायपासच्या बाजूला जमीन घेऊन ठेवायची अक्कल सुचलेले. त्या जमिनीत एक सोडून दिलेली दगडाची खदान होती. झिरे फुटून ती काठोकाठ भरली, भोवती कॉलन्या उठल्या, काठावर फिरायला माणसं आणि माणसांच्या मागं भेळेच्या गाड्या आल्या, आणि बघता बघता खदानीचा तलाव झाला. जुनी माणसं मात्र खदानच म्हणत. सात बाजांचं सुंभ उसवून, एकाला एक गाठ मारून, खाली धोंडा बांधून सोडलं होतं म्हणे, तरी तळ लागला नव्हता. खरं-खोटं कोण पाहायला गेलंय? पण सोयगावची दीपमाला लग्न होऊन इथं आली, तिनं हे ऐकलं, आणि तेव्हापासून ते सुंभ तिच्या पोटात सुटलेलंच होतं.

केरळच्या सहलीत आप्पासाहेबांनी पाण्यावरची घरं पाहिली आणि त्यांच्या डोक्यात किडा शिरला. तिकडून कारागीर आले आणि खदानीवर बंगला तरंगू लागला. काचेच्या भिंती, सागवानी दारं, बाहेर लाकडी ओटा, ओट्यावर झोपाळा. ज्या मुलखात माणसं टँकरच्या मागं हंडे घेऊन पळतात, तिथं आप्पासाहेब पाण्यावर झोपायला लागले. "तळं राखील तो पाणी चाखील," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि स्वतःच हसत. आपण पोरवयात भरली गोदावरी पोहून गेलो होतो, हेही सांगत. त्यांची बायको चतुराबाई त्या वेळी हटकून खाली मान घालून काहीतरी निवडत असायच्या.

घराची रचना सोपी होती. खाली काँक्रीटची भलीमोठी परात, काठाला साखळ्यांनी बांधलेली, आणि परातीत बसवलेलं घर. परातीच्या तळावर हातभर जागा मोकळी सोडून वर फळ्या, फळ्यांवर फरशी. सांडलं-पाझरलं पाणी त्या मोकळ्या जागेत जमलं, तर ते बाहेर फेकायला एक लहानसा पंप. काठावरून घरात यायला एकच लोखंडी पूल, आणि तो उतरायचा स्वयंपाकघराच्या दाराशी.

दिवाळी झाली आणि आप्पासाहेबांनी एकाएकी जाहीर केलं, की बंगला विकायचा. मोबाईलवर जाहिरात फिरली: विकणे आहे, शहरातल्या तलावावरचा आलिशान तरंगता बंगला. का विकायचा? "हौस फिटली," एवढंच उत्तर. त्याच्यापुढं विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

पण कारण घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बंगला कलायला लागला होता.

दीपमालेला ते पाळण्यानं सांगितलं. तिची दीड वर्षाची अक्षदा स्वयंपाकघरालगतच्या खोलीत झोपायची. पाळणा छताच्या कडीला टांगलेला, आणि टांगलेली वस्तू खोटं बोलत नाही. आधी पाळणा आणि भिंत यांच्यामधून ती सहज ये-जा करायची. मग अंग चोरून जावं लागू लागलं. दिवाळीत पाळण्याची कड भिंतीला घासली आणि रंगावर एक काळी रेघ उमटली. पाळणा हलला नव्हता. भिंतच पाळण्याकडं येत होती.

मग तिला सगळीकडं तेच दिसू लागलं. निरांजनातलं तेल एका कडेला. उतू गेलेलं दूध दर वेळी त्याच अंगाला. आणि तो पंप! आधी तो दिवसातून एखादवेळी घुरघुरायचा. आता त्याची घुरघुर थांबतच नव्हती. ती ऐकत झोपायची सवय झाली होती, आणि ती थांबली तर काय, या विचारानं झोप उडायचीही सवय झाली होती.

नवऱ्याला, सत्यमला, तिनं एकदा रेघ दाखवली. तो बँकेत नोकरीला. माणूस गरीब, बापासमोर तर मुकाच. त्यानं रेघ पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि बाहेर जाऊन जेवणाच्या टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. चतुराबाईंनी शेगडीखाली आधीच लाकडाची चीप घातली होती. दीपमालेनं स्वतः फ्रिजखाली पाचर मारली. ज्याचं त्यानं आपापल्यापुरतं घर सरळ केलं आणि कोणी कोणाला बोललं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथं एकाच घरात चार मुठी झाकलेल्या होत्या.

एकदाच, फक्त एकदा, जेवताना ताटातलं लिंबू गडगडत टेबलाच्या कडेला गेलं आणि खाली पडलं. सगळ्यांचे हात थांबले.

"फरशीवाल्यानं ढाळ चुकवलाय," आप्पासाहेब म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. "आणि ऐका. पाहुणे घर बघायला येणारेत. कुणी खामखा तोंड उचकटलं तर माझ्याइतका वाईट कुणी न्हाई. भेकडासारखं थरथरायला लागले सगळे!"

सगळे पुन्हा जेवू लागले. लिंबू रात्रभर टेबलाखाली तसंच राहिलं.

घर बघायला आला तो मल्हारी. धनगराचा माणूस, बापाची मेंढरं राखत मोठा झालेला. त्याची जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली, त्यातून त्यानं पोरांना धंद्यात घातलं, आणि आता त्याच्या मुलाला, अंगदला, तलावावर हॉटेल काढायचं होतं. घर बघायला यायचं म्हणजे आपल्याकडं दोघं-तिघं येत नाहीत. मल्हारीची म्हातारी आई पुतळाबाई आली, सुना आल्या, भाऊ-भावजया, मेहुणे, आणि नातवंडांची तर मोजदादच नको. दोन जीपभर माणसं त्या एका पुलावरून हसत-खिदळत आत आली. पुतळाबाईंनी उंबऱ्यावर भंडारा उधळला. प्रत्येक पाऊल घरात पडलं की दीपमालेला ते आपल्या छातीवर पडल्यासारखं वाटत होतं.

मुलं झोपाळ्यावर चढली. आप्पासाहेब मल्हारीला आणि पुरुषमंडळींना काचेच्या भिंती दाखवत फिरू लागले. अक्षदा पाळण्यात झोपली होती. दीपमाला चहाचे कप काढत होती आणि काढता काढता उघड्या दारातून पाळण्याकडं बघत होती. कड भिंतीला टेकलेली होती, पण तशी ती काल रात्रीही टेकलेलीच होती. तिनं मनाला समजावलं, की आता हे लोक घर घेतील, आपण निघून जाऊ, आणि सुटू. मग तिचं लक्ष झोपाळ्यावरच्या पोरांकडं गेलं आणि आपण काय विचार केला, याची तिला शरम वाटली. सुटू, म्हणजे काय? पाळणा तोच राहणार होता. फक्त आतलं लेकरू दुसऱ्याचं असणार होतं.

तेवढ्यात वीज गेली.

शहरात वीज जाते, त्यात नवल काही नाही. पाहुण्यांपैकी कोणी मान वर करूनही पाहिलं नाही. पण पंपाची घुरघुर थांबली आणि त्या घरातली चारही माणसं जागच्या जागी गप्प झाली. सत्यमचा पाण्याचा तांब्या हातातच राहिला. पलीकडं आप्पासाहेब वाक्याच्या मध्येच अडले, मग खाकरले आणि पुढं बोलू लागले. आणि त्या शांततेत दीपमालेला फरशीखालून आवाज ऐकू आला. गुळगुळ, गुळगुळ. घागर भरत येते तेव्हा होतो तसा.

स्वयंपाकाच्या ओट्याशी चतुराबाई पुतळाबाईंना स्वयंपाकघर दाखवत होत्या. दोघी म्हाताऱ्यांचं पाच मिनिटांत मेतकूट जमलं होतं.

"सगळं चांगलं हाय बाई," पुतळाबाई म्हणाल्या, "पर पाण्यावरच्या घराची वास्तू कशी करायची? देव पुरायचा कुठं?"

चतुराबाईंचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्यांना वर्षभरात कोणी विचारला नव्हता.

"आमच्यांना म्या हेच म्हणलं व्हतं. तर म्हणले, पाण्यावर कसली वास्तू? भटजींनी दिलेली मूर्ती शोकेसात ठिवून दिली बघा! वास्तुपुरुष काय शोकेसात ठिवायची वस्तू हाय व्हय? मला झोप लागंना. मंग एक डाव ते वैजापूरला गेले अन् म्या माहेरचा फकिरा गवंडी बोलावला. आग्नेय कोपरा हाच." त्यांनी ओट्याखालचा पाट बाजूला केला. तिथल्या फरशीवर हळदीकुंकू वाहिलेलं होतं. "फकिरा म्हणला, आत्या, फळ्यांवर ठिवू का? म्या म्हणलं, न्हाई बाबा, देव जमिनीतच पायजे, पार खाली जा. फरशी काढली, फळी काढली, अन् खालचं सिमेट छिन्नीनं चांगलं वीतभर कोरलं. त्यात देव पालथा ठिवला, वरून सिमेट भरलं. कुणाला कळलं बी न्हाई."

"लई बेस केलंत," पुतळाबाई म्हणाल्या आणि वाकून त्या फरशीला हात लावला. हात वर आला तो ओला. बोटांवरून कुंकवाचं पाणी निथळत होतं.

दीपमालेला वाटलं, आपल्या तोंडातून किंकाळी गेली. पण गेली नव्हती. तिला एकाच क्षणात सगळं कळलं होतं. खालचं सिमेंट म्हणजे परातीचा तळ. सासूबाईंनी देवाला जागा करून दिली होती, आणि त्या जागेतून वर्षभर खदान आत येत होती, पंप ती बाहेर फेकत होता, आणि आता पंप बंद होता. त्यात या कोपऱ्यात चहाच्या वासानं निम्मं घर जमा झालं होतं.

ओट्यावरचा एक कप आपोआप सरकला आणि दुसऱ्या कपाला टेकला. अगदी बारीक टिंग असा आवाज झाला.

आता बोलायचं. पण काय बोलायचं? घर बुडतंय, असं ओरडलं, तर ही सगळी माणसं एकदम पुलाकडं धावणार, आणि पूल होता नेमका याच अंगाला. सगळं वजन बुडत्या कोपऱ्यावर आलं, की संपलंच. तिनं पाळण्याकडं पाहिलं. धावत जाऊन लेकराला छातीशी धरावं आणि पुलावरून पळत सुटावं, याखेरीज तिच्या अंगातल्या एकाही हाडाला दुसरं काही नको होतं. पण आई लेकरू उचलून पळाली, की घरात काय झालंय हे कोणाला वेगळं सांगावं लागत नाही. आणि झोपाळ्यावरची पोरं कोणाची तरी होतीच की.

तिनं डोक्यावर पदर ओढला आणि पाहुण्यांत, सासऱ्यांच्या देखत, आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलली.

"पानं वाढलीत! आधी पोरं अन् म्हातारी माणसं, मंग बाप्ये. पंगत काठावर झाडाखाली हाय. बायकांनो, पलीकडच्या खोलीत चला, हळदीकुंकू हाय."

जेवणाचा बेतच नव्हता. चहा आणि पोहे, एवढंच ठरलं होतं. आप्पासाहेबांनी वळून सुनेकडं पाहिलं. ती नजर दीपमालेला ठाऊक होती, त्या नजरेसमोर तिनं कितीदा भरलेलं ताट खाली ठेवलं होतं. पण तिनं नजर खाली घातली नाही. फक्त किंचित मान हलवली, त्या ओल्या कोपऱ्याकडं.

आप्पासाहेबांच्या चेहऱ्यावरचा राग जागच्या जागी विझला. त्याच्याखाली दुसरं काहीतरी होतं, पण ते काय, हे बघायला दीपमालेला तेव्हा सवड नव्हती.

"व्हय, व्हय," ते म्हणाले. "चला पावणे. पान गार व्हतंय. उठा."

पंगतीचं नाव काढल्यावर आपल्या माणसाला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. दीपमाला सत्यमजवळ गेली, त्याच्या हातातल्या तांब्याकडं बोट केलं आणि हळूच म्हणाली, "पुलाच्या तोंडाशी उभे राहा. एकेकाच्या हातावर पाणी घाला, अन् एकेकालाच सोडा. घाई करू देऊ नका. कायबी विचारू नका."

त्यानं विचारलं नाही. त्या दिवशी त्याचा तो मुकेपणा सोन्याच्या मोलाचा ठरला. तो पुलाशी उभा राहिला, आणि जेवायला निघालेला माणूस हात धुतल्याशिवाय कसा जाईल? एकेक पोर हात पुढं करी, सत्यम पाणी घाली, पोर हात झटकत पुलावरून पळे. मग म्हातारी माणसं. मग पुरुषमंडळी. रांगेत कोणी थट्टा करत होतं, कोणी घराला नावं ठेवत होतं, आणि रांग काही केल्या संपत नव्हती.

इकडं दीपमालेनं बायकांना पलीकडच्या टोकाला, आप्पासाहेबांच्या खोलीत नेलं. इतक्या जणी तिकडं गेल्या, तेव्हा घर एक सुस्कारा टाकल्यासारखं किंचित मागं आलं. तिला रडू येईल असं वाटलं. ती एकेकीला कुंकू लावू लागली. बोट एकीच्या भुवईला लागलं, दुसरीच्या नाकावर पडलं. "हळू गं पोरी," पुतळाबाई म्हणाल्या आणि तिचा हात धरला. त्या हाताचा थंडपणा म्हातारीला जाणवला असणार, कारण तिनं दीपमालेच्या तोंडाकडं पाहिलं, मग आपल्या ओल्या बोटांकडं पाहिलं, आणि सुनांना म्हणाली, "चला गं. रांगेनं. कुणी पळायचं न्हाई."

बायका निघाल्या. चतुराबाई सगळ्यांच्या मागं होत्या. त्या आता स्वयंपाकघरात पाऊल टाकायला घाबरत होत्या, कारण फरशीच्या सांध्यांमधून पाणी उघड उघड वर येत होतं. त्यात हळद तरंगत होती. दीपमालेनं त्यांना दंडाला धरून पुलावर घातलं आणि ती वळली. आता तिला थांबवणारं जगात काही नव्हतं. घोटाभर पाण्यातून ती खोलीत धावली.

पाळणा भिंतीला घट्ट चिकटून होता. आत कोणी नव्हतं.

तिनं दुपटं उचलून झटकलं. खाली वाकून पाण्यात हात घातला. पाणी काळं आणि गार होतं, हाताला काहीतरी मऊ लागलं, तिनं ओढून वर काढलं, ते पायपुसणं निघालं. मग मात्र ती ओरडली. सकाळपासून गळ्यात कोंडलेली ती किंकाळी काठापर्यंत गेली.

"हितं हाय!" पलीकडून आवाज आला. "माझ्यापाशी हाय!"

आप्पासाहेब त्यांच्या खोलीच्या बाहेर, लाकडी ओट्याच्या अगदी शेवटच्या कडेला उभे होते. खांद्यावर अक्षदा, अजूनही पेंगुळलेली. बायका निघाल्या त्या गडबडीत त्यांनी कधी तिला उचललं, कोणालाच कळलं नव्हतं. दीपमाला चढणीवर चढावं तशी त्या तिरक्या फरशीवरून त्यांच्याकडं गेली. त्यांनी लेकरू तिच्या हातात दिलं. देताना दोघांनाही तिला दोनदा सावरावं लागलं.

"तू हो पुढं," ते म्हणाले. "मी हिकडं थांबतो. वजन ऱ्हाईल."

"आप्पा, तुम्ही..."

"जा म्हणलं ना!"

ती गेली. दाराशी पाणी गुडघ्याला लागलं. पुलाचं घराकडचं टोक खाली गेलं होतं आणि पूल कण्हत होता. सत्यमनं तिला ओढून घेतलं. काठावर पाय टेकला तेव्हा पाहुणे गप्प उभे होते. झाडाखाली पंगत नव्हती, पत्रावळी नव्हत्या, काही नव्हतं, आणि आता कोणी त्याबद्दल विचारतही नव्हतं.

चतुराबाईंनी दीपमालेच्या पदराला हिसका दिला. "त्यास्नी पवता येत न्हाई गं. गोदावरीबिदावरी सगळं खोटं हाय. विहिरीत बी कधी उतरले न्हाईत."

आप्पासाहेब कडेला धरून धरून येत होते. एवढा दणकट माणूस, पण पाऊल टाकताना चालायला शिकणाऱ्या पोरासारखा खाली बघत होता. स्वयंपाकघरात ते छातीइतक्या पाण्यात आले आणि तिथंच थांबले. पुढं येईनात. डोळे मिटून घेतले होते. सत्यम आणि मल्हारी दोघंही पुलावर धावले. एकानं मनगट धरलं, एकानं धोतराचा कासोटा, आणि त्यांना अक्षरशः फरपटत काठावर आणलं.

मग बंगल्यानं कूस बदलली. काचा फुटल्या, साखळ्या ताणल्या आणि तुटल्या, पुलाचं लोखंड पिळवटून पाण्यात ओढलं गेलं. झोपाळा एकदा वर दिसला. नंतर नुसते बुडबुडे राहिले. खदान पुन्हा सपाट व्हायला फार वेळ लागला नाही.

"माझ्यामुळं झालं का गं?" चतुराबाईंनी तिच्या कानाशी विचारलं.

"आपण सगळ्यांमुळं झालं, आत्याबाई," दीपमाला म्हणाली. तिला तसंच वाटत होतं.

बुडालेल्या घरातून एकेक वस्तू वर यायला लागली. पाट. उशी. अक्षदाची प्लास्टिकची बादली. आणि मग, आप्पासाहेबांची खोली जिथं होती त्या अंगाला, काहीतरी मोठं आणि काळं धाडकन वर उसळलं. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची ट्यूब होती, टम्म हवा भरलेली. वाऱ्यानं ती गोल गोल फिरत काठाकडं आली आणि चिखलाला लागून थांबली.

ट्यूबच्या मधल्या मोकळ्या जागेत नवारीची पट्टी आडवी-उभी विणलेली होती. बाज विणावी तशी, नीट, घट्ट. मधोमध एक खोलगट बैठक सोडलेली, पाय घालायला दोन भोकं, आणि पोटाशी बांधायला चतुराबाईंच्या जुन्या लुगड्याचा पट्टा. दीड वर्षाच्या लेकराला बरोबर बसेल एवढी ती बैठक होती.

दीपमालेनं सासऱ्यांकडं पाहिलं. ते चिखलात बसले होते, ओलेचिंब, आणि ट्यूबकडं सोडून सगळीकडं बघत होते. तिला एकदम सगळं दिसलं. दार लावून खाटेवर बसलेला हा माणूस, पंपाची घुरघुर ऐकत, नवार ओढून ओढून विणणारा, आणि मग ती ट्यूब खाटेखाली सरकवून वर गोधडी सोडणारा. लिंबू पडल्यावर ओरडलेला तो हाच. तिला इतकी वर्षं ज्यांचं भय वाटलं, ते तिच्याहून भ्यालेले होते. तिच्या पोटात माया दाटून आली. ती पुढं होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवणार होती.

पण तिच्या आधी मल्हारी पुढं आला. तोही कमरेपर्यंत भिजलेला. त्यानं ट्यूब चिखलातून ओढून घेतली, नवारीवरून हात फिरवला, पट्ट्याची गाठ पाहिली. ती गाठ काही आजची नव्हती. मग त्यानं मागं वळून आपल्या नातवंडांकडं पाहिलं. ती झाडाखाली रांगेत बसली होती, हात धुतलेली, अजून पानाची वाट बघत.

"आप्पासाहेब," तो अगदी शांतपणं म्हणाला, "तुमच्या नातीला ही व्हती. माझ्या नातवंडांना काय व्हतं?"

आप्पासाहेबांनी हात जोडले. मल्हारीची नजर दीपमालेवर गेली. त्यात राग नव्हता. तिनंच त्याची माणसं बाहेर काढली होती, हे त्याला आईनं सांगितलं होतं. तरी तो प्रश्न विचारल्यासारखा तिच्याकडं बघत राहिला, आणि दीपमालेला पाळण्यामागची ती काळी रेघ आठवली. दिवाळीपासून ती रेघ तिला माहीत होती. आज सकाळी तिनंच या पोरांना पुलावरून या, या म्हणत आत घेतलं होतं.

तिनं खाली मान घातली. पाहुणे उठले, पोरांना काखेत घेतलं आणि जेवल्यावाचून निघून गेले.